फाट्याच्या पुढे

टिल्ली मैत्रिणीकडून खेळून परत आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. मैत्रीण मागच्या गल्लीत राहायची, मधल्या रस्त्याचं काम काढलेलं, जिकडेतिकडे खडी, आणि यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. एवढा सगळा रस्ता पोर एक पाय चपलेत आणि एक पाय उघडा अशी चालून आली होती. दार उघडणाऱ्या आईला हसूच फुटलं. "एक कुणाला दान करून आलीस गं?" टिल्लीने खाली पाहिलं, आणि असं काही पाहिलं की आईचं हसू ओठांवरच राहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय चुकून आपल्याला लागून आलाय आणि आता तो परत कुणाला करायचा, असं काहीसं त्या बघण्यात होतं. "अय्या," टिल्ली म्हणाली, "मला कळलंच नाही." आईने तिला खुर्चीत बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं. टाचेजवळ खडीची एक कपची रुतून बसली होती, भोवतीचं रक्त सुकून काळं झालं होतं. आईने चिमट्याने कपची धरली. "थोडं दुखेल हं." "बरं," म्हणून टिल्लीने डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि वाट पाहत राहिली. कपची निघाली, बशीत पडून वाजली, तरी डोळे मिटलेलेच. "काढायला लागलीस की सांग हं आई."

पुढे कितीतरी दिवस आईला त्या क्षणाची लाज वाटत राहिली, कारण भीती आली ती मागाहून. आधी आलं ते कुतूहल. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे हे तिचं काम. समोरच्या माणसाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, काचा बदलत जायच्या आणि विचारत राहायचं, हे स्पष्ट की हे? आता? पहिलं बरं होतं की दुसरं? तो प्रश्न जिभेला इतका चिकटला होता की पडद्याचं कापड निवडतानाही ती नवऱ्याला "पहिलं की दुसरं" असंच विचारायची आणि तो म्हणायचा, "बाई, मला अजून नंबर लागलेला नाही." त्याच दुकानातल्या आवाजात, तितक्याच शांतपणे, ती आता टिल्लीच्या तळपायावर नखाची कड टेकवून विचारत होती. इथे कळतंय? इथे? डोळे नको उघडूस. आता? घोट्यापाशी काही नाही. पोटरीच्या मध्यावर "काहीतरी आहे, पण लांब आहे." गुडघ्याच्या खाली चार बोटांवर टिल्ली एकदम दचकून पाय मागे घेत म्हणाली, "आई गं, टोचतंय!" म्हणजे हद्द इथे होती. अलीकडे टिल्ली होती आणि पलीकडे टिल्लीचा पाय होता. तिने पेनाने तिथे बारीकशी रेघ ओढली आणि रेघेकडे पाहताना मग तिला भीती वाटली.

आईच्या लहानपणी तिचा धाकटा भाऊ कठड्यावरून पडला होता आणि त्याच्या कोपराजवळून हाड बाहेर आलं होतं. सगळी बायामाणसं रडत, ओरडत, तोंड फिरवत होती. ती मात्र अगदी जवळ जाऊन वाकली होती. हाड पांढरं असतं असं तिला वाटायचं. ते पांढरं नव्हतं, थोडं गुलाबी, ओलसर, आणि जिवंत होतं. "आतून असं असतं?" असं ती बोलूनही गेली असावी, कारण आत्याने तिला दंडाला धरून फरफटत मागे ओढलं. "बघवतं तरी कसं गं तुला? काळीज आहे की दगड?" भाऊ बरा झाला, हात थोडा वाकडा राहिला, तो त्या हाताने आता मस्त गाडी चालवतो. आत्याचा प्रश्न मात्र तिच्याकडेच राहिला. बघवतं तरी कसं? तिला खरंच ठाऊक नव्हतं. भीती वाटली की लोक डोळे मिटतात, आणि तिचे डोळे मात्र उघडतात, एवढंच तिला कळत होतं.

नवरा पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचा. तो संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या अंगाला नेहमीचा औषधी पाण्याचा वास होता. तिने सगळं सांगितलं, रेघ दाखवली. तो बराच वेळ टिल्लीचं पाऊल तळव्यात धरून बसला आणि टिल्ली दुसऱ्या खोलीत गेल्यावर म्हणाला, "पाण्यात डावा पाय मारत नाही ती. महिना झाला. मी सगळ्यांसमोर तिला आळशी म्हणालो." एवढं बोलून तो उठला आणि उगाच खिडकी उघडून परत लावली. त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत, सगळ्या डॉक्टरांपुढे, त्याने एकच प्रश्न विचारला. बरी होईल ना? बाकीचं काही त्याला नको होतं. कशामुळे, कुठे, कसं, हे सगळं बायकोच्या वाट्याला टाकून तो खुर्चीत हात मांड्यांखाली घालून बसायचा.

आणि मग आईला ती दुपार आठवली, दीडदोन महिन्यांपूर्वीची. शाळेतून बाईंचा फोन आला होता, मैदानावर धावता धावता टिल्ली एकदम पाठ धरून खाली बसली, रडायची थांबत नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली, स्नायू आखडलाय म्हणाले, मलम दिलं. ती रोज ते मलम चोळायची. टिल्ली पालथी पडून गोष्ट ऐकायची आणि तिची बोटं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खालीवर फिरायची. आता मोठ्या इस्पितळातल्या पडद्यावर मणक्यांचं लांबट चित्र लावून कुणी त्यात काळे ठिपके दाखवत होतं, मज्जारज्जूला बिलगून, मुंग्या रांगेतून फुटाव्यात तसे, आणि ती मनात अंतर मोजत होती. कातडी, तिच्याखाली थोडं मांस, मग हाड, आणि हाडाच्या आत हे. आपली बोटं यावरून गेली होती. रोज गेली होती. बोटांना काहीच कसं कळलं नाही?

चित्र दाखवणाऱ्या डॉक्टरबाई बुटक्या होत्या, केस कापलेले आणि पिकलेले, पायांत रबरी सपाता. पेशंटला झोपवायच्या टेबलावर पसरलेल्या कागदावरच त्यांनी पेनाने चित्र काढलं, टिल्लीच्या पायांशेजारी. हृदयातून जोराने निघालेलं रक्त बारीक बारीक होत जाणाऱ्या वाटांनी जातं, अगदी केसाहून बारीक वाटांत त्याचा जोर जिरतो, आणि मग ते निवांतपणे परत फिरतं. टिल्लीच्या पाठीत एका जागी त्या बारीक वाटा झाल्याच नव्हत्या. तिथे जाणारी शीर आणि येणारी शीर थेट एकमेकींत घुसल्या होत्या. त्यामुळे येणाऱ्या शिरांना न पेलणारा जोर त्यांच्यावर आला, त्या फुगल्या, वळल्या, एकमेकींत गुंतल्या. शाळेच्या मैदानावर त्यातलंच थोडं रक्त बाहेर झिरपलं असणार. "पाठ उघडून काढायचं म्हटलं तर हा गुंता मज्जारज्जूच्या आतपर्यंत गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून आपण आतून जाणार. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर न्यायची, तिच्यातून आणखी बारीक नळी, थेट गुंत्यापर्यंत. आणि तिथे एक थेंब गोंद सोडायचा. तो रक्ताला लागला की घट्ट होतो."

"जन्मापासून असेल का हे?" तिने विचारलं.

"बहुतेक. पोटात वाटा घडतात तेव्हाच काहीतरी होतं. का होतं, ते आम्हाला अजून पक्कं ठाऊक नाही."

ठाऊक नाही, हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या की तिला त्यांच्याविषयी एकदम विश्वास वाटला. घरी जाताना, आणि पुढे दुकानात काचा पुसताना, ती त्या ठाऊक नसलेल्या आठवड्यांभोवती फिरत राहिली. तेव्हा तर पोटात कुणी आहे हेच तिला माहीत नव्हतं. त्या दिवसांत त्यांनी घर बदललं होतं. ती खोकी बांधत होती, जुन्या घराच्या भिंतीवरचे खिळे उपटत होती, नव्या घराच्या गळक्या नळावरून नवऱ्याशी भांडत होती. कधीतरी शिंकली असेल. कधी एखादं खोकं जरा जास्त जड असेल. पण आपण काहीतरी केलं म्हणून हे झालं, असं तिला मनापासून वाटेना. वाटायचं ते वेगळंच. आपण भिंतीतून खिळा उपटत होतो त्या क्षणी आत, अंधारात, एक इवलीशी वाट कुठल्या तरी वळणावर आली, आणि इकडे जायचं की तिकडे, हे कुणालाही न विचारता तिने ठरवून टाकलं. कोण ठरवतं? आणि बाकीच्या सगळ्या वाटा, डोळ्यांच्या, बोटांच्या, त्या हसऱ्या गालांच्या, बरोब्बर जागच्या जागी पोचल्या, त्या कुणी पोचवल्या? चूक का झाली याचं नवल करावं, की बाकी सगळं बिनचूक झालं याचं? समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, काच कधीची बदलली नाहीत तुम्ही." तिने माफी मागितली. त्याच्या डोळ्यात झोत टाकून आतल्या पडद्यावर पाहिलं, तर तिथेही केशरी उजेडात शिरांची झाडं. इतकी वर्षं ती ही झाडं पाहत आली होती. आता जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

पहिल्या वेळी टिल्लीला भूल देऊन आत नेलं तेव्हा काम दुहेरी होतं. शिरांमध्ये रंग सोडून गुंत्याचा नीट नकाशा काढायचा आणि मागच्या बाजूने येणारी एक शीर सोपी वाटली तर लगेच बंद करायची. तसं झालं. दुपारी टिल्ली जागी झाली, पाय होता तसाच होता, जांघेवर पट्टी होती आणि तिला भूक लागली होती. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवून चित्रफीत लावली. करडं, रिकामं काहीतरी. मणक्यांच्या सावल्या. आणि मग एका बाजूने काळी रेघ शिरली, वर चढली, केसांच्या पिनेसारखी एकदम वळून खाली उतरली आणि अचानक फुटून पसरली. जिथे काहीच नव्हतं तिथे डोळ्यांदेखत वळणावळणांचं एक अख्खं झाड उभं राहिलं, क्षणभर थांबलं आणि विरून गेलं. "परत लावता?" ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी परत लावली. एक शब्द तिच्या मनात आला आणि तिने तो गिळला, कारण आपल्या मुलीच्या पाठीतल्या दुखण्याला सुंदर म्हणणारी आई जगात दुसरी कोण असेल?

पण झाड अजून होतं. "मागची शीर गेली," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढची आहे. ती अवघड. पुढून एकच शीर मज्जारज्जूला पोसते आणि तीच गुंत्यालाही रक्त पुरवते. इथे बघा, इथे तिला फाटा फुटतो. गोंद फाट्याच्या अलीकडे सांडला तर पाय जातील. दोन्ही. फाट्याच्या पुढे गेला तर काम झालं. आणि पुढे, हा बारीक फुगवटा दिसतोय? मागे रक्त आलं ते इथूनच आलं असावं."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"परत फुटू शकतं. कधी, ते सांगता येत नाही. पण एकदा फुटलंय म्हणजे जागा कच्ची आहे. दोन्हीकडे धोका आहे. मला विचाराल तर मी करीन. पण घाईने हो म्हणू नका."

जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, नवरा थांबला. "नाही करायचं," तो म्हणाला. "चालतेय ना ती? लंगडत का होईना, चालतेय. मी तिला उचलून नेईन हवं तर."

"आणि परत रक्त आलं तर?"

"आलं तर तेव्हा बघू."

"तेव्हा बघायला उशीर झालेला असेल रे."

"तुला तेच तर हवंय!" तो एकदम म्हणाला. आवाज जिन्यात घुमला तसा त्याने तो खाली आणला. "तुला बघायचंय. पुढे काय होतं ते बघायचंय तुला. ती बाई आत फीत दाखवत होती आणि तू हसत होतीस."

"मी हसत नव्हते."

"हसत होतीस. मी बघत होतो तुला. मला तिकडे बघवत नव्हतं, म्हणून तुझ्याकडे बघत होतो."

एक परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन वर येत होती, तिला वाट द्यायला दोघं भिंतीला लागून उभी राहिली आणि ती गेल्यावरही तशीच राहिली. शब्दाने शब्द वाढवायचा तिचा स्वभाव होता, पण तो खोटं बोलतोय असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आपल्याला टिल्ली बरी व्हायला हवी आहे. हे खरं. आणि ती केसाएवढी नळी त्या वळणावरून कशी जाते, फाट्यापाशी काय होतं, गोंदाचा थेंब कसा थांबतो, हेही आपल्याला कळायला हवं आहे. हेही खरंच. ही दोन खरी माणसं तिच्या आत शेजारी शेजारी बसली होती, आणि यांतलं हो कोण म्हणतंय, हे तिला कितीही वाकून बघितलं तरी दिसत नव्हतं. पहिलं की दुसरं? आता? दुकानात कधी कधी असं व्हायचं की गिऱ्हाईक सांगायचं, दोन्ही सारखंच दिसतंय. तेव्हा ती म्हणायची, मग सवयीचं ठेवू या. इथे सवयीचं कुठलं? मग तिच्या मनात आलं, समज आपल्याला अजिबात कुतूहल नसतं, आपण याच्यासारखी हात मांड्यांखाली घालून बसणारी असतो, तर काय म्हणालो असतो? तर नाहीच म्हणालो असतो. भीतीनेच नाही म्हणालो असतो. आणि त्या नकारात टिल्लीचं भलं कितपत असतं? ती जिन्यावरच बसली. तोही शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून.

टिल्लीला आपल्यावरून काहीतरी बिनसलंय हे कळलंच. दोघं खोलीत पोचल्या पोचल्या ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी माझ्या आतलं बघितलंत ना? मग मला का नाही दाखवत? माझं आहे ते." नवरा म्हणाला, "मोठ्यांचं असतं बाळा ते." "माझ्या पाठीतलं तुमचं कसं असेल?" शेवटी आईने डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आणा की तिला." चाकाच्या खुर्चीतून टिल्ली त्या अंधाऱ्या खोलीत गेली, आई तिच्या मागे उभी राहिली आणि नवरा दारातच, अर्धा आत अर्धा बाहेर. फीत लागली. काळी रेघ चढली, वळली, फुटली. टिल्लीचं तोंड उघडं राहिलं. ती खुर्चीत पुढे सरकली, मान लांब केली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या आईच्या अंगावर काटा आला. असं वाकणं तिने आजवर फक्त आतून ओळखलं होतं, बाहेरून कधी पाहिलं नव्हतं.

"परत," टिल्ली म्हणाली. मग म्हणाली, "हे कुठे चाललंय?" तिने बोट पडद्याला टेकवलं आणि रेघेबरोबर नेलं. फाट्यापाशी बोट थांबलं. "इथे दोन रस्ते आहेत."

"हो. एक तुझ्या पायांसाठी, एक गुंत्यात जाणारा."

"मग तुम्हाला कसं कळतं कुठला कुठला? पाटी असते?"

"नसते. म्हणून गोंद सोडायच्या आधी आम्ही विचारून घेतो. नळीतून एक औषध टाकतो, त्याने थोडा वेळ तो रस्ता झोपी जातो, आणि मग बघतो तुझे पाय काय म्हणतात. पायांना तारा लावलेल्या असतात."

"पण मी झोपलेली असेन ना?"

"तू झोपलेली असशील. पाय थोडे जागे ठेवू."

टिल्लीला हे फारच आवडलं. ती आपल्या पायांकडे बघून हसली, दोन्ही पायांकडे, आणि त्यांना काहीतरी समजावल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात दारातून आवाज आला. "आणि पाय नाही म्हणाले तर?" नवरा होता. त्याचा एक हात चौकटीवर होता, पण तो पडद्याकडे पाहत होता.

"तर नळी मागे घ्यायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोंद सोडायचा नाही, आणि मुलीला जशी आहे तशी घरी पाठवायचं. मी हट्टाला पेटणार नाही."

तो आत आला. टिल्लीच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून म्हणाला, "परत लावा जरा. तो फाटा मला दिसला नाही."

दुसऱ्या वेळी त्यांनी सकाळीच टिल्लीला आत नेलं. आत काय चाललंय ते आम्हाला काचेतून बघू द्या, असं विचारायचं आईने खूप दिवस मनात घोळवलं होतं, पण त्या सकाळी विचारलं नाही. का नाही विचारलं, हे तिलाही कळलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिने डोळे मिटले आणि तिला काळी रेघ दिसायला लागली तसे ते परत उघडले. समोरच्या भिंतीचा रंग एका कोपऱ्यात सोलला होता आणि आत आधीचा हिरवा दिसत होता, हिरव्याच्याही आत पिवळा. किती जणांनी इथे बसून हा कोपरा खरवडला असेल? तिचं नख नकळत तिकडे गेलं. नवऱ्याने चहा आणला, दोघांनी तो गार होऊ दिला. "मी तिला पहिल्यांदा पाण्यात सोडलं ना," नवरा एकदम म्हणाला, "तेव्हा ती बुडाली आणि डोळे उघडे ठेवून बुडाली. बाकीची पोरं डोळे मिटतात. वर आल्यावर मला म्हणाली, बाबा, खाली सगळं निळं आहे." त्याने चहाचा कप फिरवला. "तुझ्यावर गेलीय." आधार मिळाला की माणूस ढासळतो, तसं तिचं झालं. तिने त्याच्या दंडावर कपाळ टेकवलं. औषधी पाण्याचा वास येत होता आणि तो तिला इतका ओळखीचा होता की बराच वेळ तिने बाकी कशाचाच विचार केला नाही.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता आणि जड अंगरखा काढल्यामुळे त्या आणखी बुटक्या वाटत होत्या. त्या दोघांच्या मधे बाकावरच बसल्या. "सांगते," म्हणाल्या. "पहिल्यांदा पाय नाही म्हणाले. दोन्ही. तारांवरचे ठोके एकदम बसले. मी नळी मागे घेतली आणि आम्ही थांबलो. ठोके परत येईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. आले परत. तेव्हा मी ठरवलं होतं, आता सोडून द्यावं. मग भूल देणारे आमचे डॉक्टर म्हणाले, एकदा अजून पुढे जाऊन बघ. वळण फार वाईट होतं. पण नळी फाट्याच्या पुढे गेली. परत विचारलं. पाय काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं, माझीच खात्री होईना म्हणून. मग गोंद सोडला." त्यांनी तळहात पाहिले. "फुगवटा बंद झालाय. सगळा गुंता गेलेला नाही, थोडा आत आहे, तो तसाच ठेवलाय. त्याला हात लावायला गेले असते तर लोभ झाला असता. अधूनमधून बघत राहू." ती म्हणाली, "ठोके परत येईपर्यंत तुम्ही काय करत होतात?" नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं, जरा नवलाने, आणि म्हणाल्या, "हे मला कुणी विचारलं नव्हतं कधी. घाबरले होते. दुसरं काय करणार?"

जागी झाल्यावर टिल्लीने उजव्या पायाची बोटं हलवली. डाव्याची हलेनात. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, सूज येते, धीर धरा; पण ऐकलेला धीर आणि धरायचा धीर यांत फार अंतर असतं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्या पाच बोटांवर अशी नजर लावायचा की नजरेनेच ती उचलील. टिल्ली त्याला म्हणाली, "बाबा, तू असा बघितलास की ती लाजतात." तो बाहेर गेला, आणि तो बाहेर असतानाच अंगठा हलला. किंचितसा, एखाद्याने झोपेत हुंकार द्यावा तसा. टिल्लीने आरोळी ठोकली. तो धावत आला तेव्हा अंगठा परत गप्प होता, आणि दोघी मायलेकी शपथेवर सांगत होत्या तरी त्याने संध्याकाळपर्यंत विश्वास ठेवला नाही. मग त्याच्यासमोर हलला. त्याने लगेच पाठ फिरवली आणि खिडकीचा पडदा नीट करत राहिला.

चालणं आलं ते हळूहळू, आधी कठड्याला धरून, मग काठीने, मग नुसतं. पाऊल अजून थोडं बाहेर पडतं, आणि दमली की फरपटतं. पाण्यात मात्र ती परत उतरते, तलावाच्या उथळ कडेला, बाबाच्या हातावर. संवेदना सगळ्यात शेवटी यायला निघाली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी एक खेळ शिकवला होता. डोळे मिटायचे आणि कुणीतरी पायावर बोटाने अक्षर काढायचं, ते ओळखायचं. दुकानातून आल्यावर रोज त्यांचा हा खेळ चालायचा. सुरुवातीला टिल्ली नुसतं ठोकून द्यायची, "क! म! ळ!" आणि आईलाही कळायचं की ही ठोकून देतेय. मग हळूहळू अशी काही उत्तरं यायला लागली की ती चुकीची होती, पण खोटी नव्हती. "काहीतरी गोल आहे." "आत्ता खाली गेलीस, हो ना?" पेनाने ओढलेली ती रेघ कधीच धुऊन गेली होती, पण हद्द खाली सरकतेय हे दोघींना ठाऊक होतं. आणि बाई म्हणाल्या होत्या, कुठेतरी ती थांबेलही. कुठे, ते सांगता येत नाही.

अशाच एका संध्याकाळी टिल्लीला कंटाळा आला. "रोज मीच का?" ती म्हणाली. "आज तू. वळ. पाठ कर माझ्याकडे." आई वळून बसली, केस पुढे घेतले. टिल्लीने तिचा कुडता मागून वर सरकवला आणि बोट टेकवलं, गार, थोडंसं ओलं. मानेखालून ते निघालं आणि मणक्यावरून खाली येऊ लागलं. आईने डोळे मिटले. बोट एका जागी थांबलं, वळलं, परत वर गेलं. इतक्या वर्षांत आपल्या पाठीचा विचार कधी केलाच नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. कुठे दाट कळत होतं, कुठे विरळ, कुठे नुसतीच ऊब. आत काय असेल? तिथेही वाटा असतील, फाटे असतील, आणि काय काय ठरून गेलं असेल तिला न विचारता. बोट आडवं गेलं. थ? नाही. भ असेल. पण भ असता तर एव्हाना रेघ मारायला हवी होती. शेजारच्या खोलीत नवरा कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होता. ती श्वास रोखून त्या बोटामागे जात राहिली, आणि बोट होतं की थांबायचं नाव घेईना.

"भ आहे का?" तिने विचारलं.

"अक्षर नाहीये ते," टिल्ली म्हणाली. "हलू नकोस ना आई. अजून संपलं नाहीये."